डोंगराआडचा वारा आणि ग्लायडरचे उतरणे

परतवाड्याहून धारणीकडे निघालेला रस्ता गाविलगडच्या डोंगरात शिरतो, आणि सिपना नदीच्या काठी वसलेल्या सेमाडोहास पोहोचेपर्यंत त्याने इतकी वळणे घेतलेली असतात, की वारा आज नेमका कोणत्या दिशेचा आहे, या प्रश्नाचे उत्तर देणे सावध प्रवाशासही अवघड व्हावे. पायनघाटाच्या, म्हणजे डोंगराखालच्या मैदानाच्या, उघड्या वावरांवरून सरळ पश्चिमेकडून येणारा वारा घाटाच्या एका वळणावर दक्षिणेचा वाटू लागतो, पुढच्या दरीत तो अगदीच पडतो, एखाद्या खिंडीत एकाएकी दुप्पट जोराने अंगावर येतो, आणि सेमाडोहच्या सागवानी रानात तर शेंड्यावरची पाने सळसळत असताना पायाखालचा पाचोळा मुळीच हलत नाही. हा प्रवाशाच्या इंद्रियांचा दोष नव्हे. वारा खरोखरच ठिकठिकाणी निराळा असतो, कारण ज्या भूमीवरून तो वाहतो तिचे चढ, उतार, कडे आणि झाडी यांचा अंमल त्याच्यावर चालतो. आणि ज्याला इंजिनाच्या मदतीवाचून आकाशातून जमिनीवर यावयाचे आहे, त्याच्या दृष्टीने या अंमलाचे ज्ञान हे उड्डाणाच्या साऱ्या ज्ञानात अग्रस्थानी ठेवावे लागते. सेमाडोहच्या खोऱ्यात ग्लायडरांसाठी धावपट्टी नाही. परंतु ग्लायडर उतरताना वारा काय काय करू शकतो, हे समजावून घेण्यास यापेक्षा चांगला मुलूख वऱ्हाडात शोधूनही सापडणार नाही.

ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. विंच यंत्राच्या दोराने खेचून किंवा दुसऱ्या विमानाच्या मागे बांधून ते वर नेले जाते, आणि एकदा दोर सुटला की हाती असलेली उंची हीच त्याची सारी शिल्लक. ते पुढे जाते ते सतत थोडेथोडे खाली घसरत. एक मीटर उतरताना ते जितके पुढे जाईल तितकी त्याची बांधणी चांगली समजावयाची. शिकाऊ वैमानिकांसाठी बांधलेली जुनी लाकडी ग्लायडर एका मीटरास वीस-बावीस मीटर जात. काचतंतूंची अलीकडची ग्लायडर चाळीस मीटर सहज जातात. आपण मधले प्रमाण घेऊ, एकास पंचवीस, आणि वेग ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर. असे ग्लायडर स्थिर हवेत सेकंदाला एक मीटर खाली येते, आणि १५० मीटर उंचीवर असताना ३,७५० मीटर दूरचे मैदान त्याच्या आवाक्यात असते. समोरून सेकंदाला १० मीटरांचा, म्हणजे ताशी ३६ किलोमीटरांचा वारा सुटला, तर जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग १५ मीटर उरतो आणि आवाका २,२५० मीटरांवर येतो. आता याच वाऱ्यात, एखाद्या डोंगराच्या आड, हवा स्वतःच सेकंदाला दोन मीटर वेगाने खाली उतरत असली, तर ग्लायडरचा उतरण्याचा वेग तिप्पट होतो आणि आवाका ७५० मीटर राहतो. ग्लायडर तेच, वैमानिक तोच, उंचीही तीच. मात्र पावणेचार किलोमीटरांचे अंतर पाऊण किलोमीटर झाले. इंजिन असलेल्या विमानाच्या वैमानिकाला अशा वेळी शक्ती वाढवून पुन्हा वर जाण्याची आणि दुसऱ्यांदा प्रयत्न करण्याची सोय असते. ग्लायडरला ती नाही.

वाऱ्याच्या जोरापेक्षा त्याच्या बदलाचे भय अधिक, हे येथे आरंभीच सांगून ठेवले पाहिजे, कारण सामान्य समज याच्या अगदी उलट असतो. सपाट मैदानावर एकसारखा वाहणारा जोरदार वारा ग्लायडरला उतरताना साहाय्यच करतो. समोरून येणाऱ्या अशा वाऱ्यात जमिनीला टेकतानाचा वेग कमी असतो आणि थोडक्या जागेत ते थांबते. परंतु वारा एका क्षणाचा एक आणि दुसऱ्या क्षणाचा दुसरा झाला, म्हणजे पंखांना आधार देणारी हवाच जणू खालून काढून घेतली जाते. हा बदल घडवून आणण्याचे काम मुख्यतः जमीन करते, आणि जमीन डोळ्यांना दिसत असल्यामुळे तो बराचसा आधी ओळखताही येतो.

पहिला बदल उंचीचा आहे. वाहती हवा जमिनीशी घासते आणि अगदी तळाशी तिचा वेग जवळजवळ शून्य होतो. जसजसे वर जावे तसतसा घर्षणाचा परिणाम कमी होऊन वारा आपल्या मूळ वेगास पोहोचतो. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे कोणत्याही ग्रंथातून शिकावे लागले नाही. खळ्यावर उफणणी करताना तो तिवईवर उभा राहतो आणि धान्याची पाटी डोक्याच्या वर धरतो, ती काही केवळ दाण्याला पडण्यास अवधी मिळावा म्हणून नव्हे, तर तितक्या उंचीवर वारा अधिक आणि अधिक सारखा असतो म्हणूनही. आणि खळ्याची जागा तो कडुनिंबाच्या किंवा गोठ्याच्या आडोशाला कधी धरत नाही. जो थर त्याने चार हातांच्या उंचीत ओळखला, तोच थर ग्लायडरला शेवटच्या तीस-चाळीस मीटरांत ओलांडावा लागतो.

तो ओलांडताना काय घडते ते पाहू. समजा, तीस मीटर उंचीवर समोरून ताशी ४० किलोमीटरांचा वारा आहे आणि जमिनीलगत तो २० किलोमीटर आहे. ग्लायडर हवेच्या संदर्भात ताशी ९० किलोमीटर वेगाने येत आहे. म्हणजे जमिनीच्या संदर्भात त्याचा वेग ५०. ते झपाट्याने खाली आले तर त्याच्या जडत्वामुळे हा ५० चा वेग तितक्या थोड्या अवधीत वाढू शकत नाही, मात्र समोरचा वारा २० च उरलेला असतो. त्यामुळे पंखांवरून वाहणाऱ्या हवेचा वेग ९० वरून ७० च्या जवळ येतो. पंखांना मिळणारे उत्थापन वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, आणि सत्तर व नव्वद यांच्या वर्गांचे गुणोत्तर सुमारे सहास दहा पडते. म्हणजे दहांपैकी चार हिस्से आधार काही सेकंदांत नाहीसा होतो. गेलेला आधार परत मिळवण्यासाठी वैमानिकाने नाक वर उचलले, तर पंख हवेला अधिकाधिक उताणा होत जातो, आणि एका मर्यादेपलीकडे हवा त्याच्या पाठीवरून सुटून जाते. यालाच वैमानिक स्टॉल म्हणतात. उंचावर स्टॉल झाला तर नाक खाली घालून वेग परत मिळवता येतो, पण त्यासाठी कित्येक मीटर उंची खर्ची पडते, आणि दहा मीटरांवर ती कोणाच्या गाठीला असणार? म्हणून जोरदार वाऱ्यात उतरणारा वैमानिक आपला वेग आधीच वाढवून ठेवतो. रूढ हिशेब असा आहे, की स्टॉलच्या वेगाच्या सुमारे १.३ पट वेग धरावा, त्यात समोरच्या वाऱ्याच्या वेगाचा निम्मा भाग मिळवावा, आणि झोत येत असतील तर त्यांच्यासाठी आणखी तरतूद करावी.

याच थराचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो अधिक कपटी आहे. ग्लायडरचे पंख लांब असतात. पंधरा मीटर ही साधी लांबी. असे ग्लायडर तीस अंशांनी कलून वळत असेल तर त्याच्या एका पंखाचे टोक दुसऱ्यापेक्षा साडेसात मीटर उंच असते. जमिनीजवळ या साडेसात मीटरांत वाऱ्याचा वेग लक्षणीय बदलतो. वरचा पंख जोरदार हवेत राहतो, खालचा मंद हवेत, आणि वारा समोरून असता वरच्या पंखाला अधिक आधार मिळून ग्लायडर आणखी कलत जाते. म्हणून शेवटचे वळण साधारणपणे शंभर मीटरांच्या खाली घ्यावयाचे नाही, आणि त्यानंतर पंख सरळ ठेवूनच खाली यावयाचे, असा दंडक सर्वत्र शिकवला जातो.

झाडी आली म्हणजे हा थर अधिक गुंतागुंतीचा होतो. दाट रानावरून वाहणाऱ्या वाऱ्याच्या दृष्टीने जमीन ही जमिनीच्या पातळीवर नसतेच. झाडांच्या उंचीच्या साधारण दोन-तृतीयांशावर ती उचललेली असते. सागाचे वीस मीटर उंचीचे रान घेतले, तर वाऱ्याची ‘जमीन’ तेरा मीटरांवर आली. सेमाडोहच्या परिसरात रानाच्या मधोमध गावाची वावरे आहेत, तशा मोकळवनात उतरू पाहणारे ग्लायडर शेंड्यांच्या वर असेपर्यंत पूर्ण वाऱ्यात असते, आणि शेंड्यांच्या पातळीखाली येताच ते अशा हवेत शिरते जिच्यात समोरचा वारा जवळजवळ नाही, आणि जी वरून लोटलेल्या प्रवाहामुळे भोवऱ्यांनी भरलेली आहे. झाडांच्या रांगेच्या आडोशाचा प्रभाव वाऱ्याच्या दिशेने तिच्या उंचीच्या दहा ते वीस पट अंतरापर्यंत पोहोचतो. वीस मीटरांच्या सागासाठी हे अंतर दोनशे ते चारशे मीटर होते, म्हणजे पुष्कळदा मोकळवनाची सारी लांबीच. शिवाय सागाचे रान पानझडीचे. उन्हाळ्यात त्याच्या उघड्या फांद्यांतून वारा गाळला जाऊन बराचसा पलीकडे निघतो आणि त्याचे भोवरे लहान व दुबळे असतात. पावसाळ्यात पंख्याएवढ्या पानांनी तेच रान भिंतीसारखे बंद होते आणि भिंतीच्या मागे उठतात तसे जोरदार भोवरे त्याच्या मागे उठू लागतात. मार्चमध्ये पाहिलेल्या वावराविषयी जुलैत अंदाज बांधणे म्हणूनच धोक्याचे आहे.

आता डोंगराकडे वळू. चिखलदऱ्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंच आहे, आणि दक्षिणेस पायनघाटाच्या मैदानावरून गाविलगडची कड सातशे मीटरांहून अधिक उठते. वारा अशा कड्यावर आदळला म्हणजे त्यास वर चढण्यावाचून मार्ग नसतो. पावसाळ्यात ही गोष्ट महाराष्ट्रात प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावयास मिळते: जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाटात आणि साताऱ्याकडे सडावाघापूरच्या पठाराच्या कडेला धबधब्याचे पाणी खाली पडण्याऐवजी तुषार होऊन उलट वर उडते. पाण्याला उचलणारी ती हवा ग्लायडरलाही उचलते. कड्याच्या वाताभिमुख बाजूला समांतर येरझारा घालीत ग्लायडर तासन्‌तास उंचावर राहू शकते, आणि घारी व गिधाडे हे काम मनुष्याच्या कितीतरी आधीपासून करीत आली आहेत. माथ्यावर पोहोचता पोहोचता हवेची वाट आकुंचित होते व तिचा वेग वाढतो. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या केल्या गेल्या त्या या वाढीव वेगासाठीच, आणि चिखलदऱ्याच्या एका कड्याला हरिकेन पॉइंट हे नाव पडले आहे तेही तेथे उभे राहिल्यावर अगदी सार्थ वाटते.

माथा ओलांडला की सारे चित्र पालटते, आणि ते का पालटते याचे उत्तर मिळण्यास विसावे शतक उजाडावे लागले. १९०४ साली हायडेलबर्ग येथे भरलेल्या गणितज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत लुडविग प्रांट्ल या जर्मन अभियंत्याने पृष्ठभागाला चिकटून वाहणाऱ्या पातळ थराची कल्पना मांडली. तिच्या आधारे डोंगराची गोष्ट अशी सांगता येते: चढावर हवेचा वेग वाढत जातो तसा तिचा दाब कमी होत जातो, माथ्यावर दाब सर्वांत कमी, उतारावर वेग घटू लागतो आणि दाब पुन्हा वाढतो. म्हणजे उतारावरून जाणाऱ्या हवेला वाढत्या दाबाविरुद्ध वाटचाल करावी लागते. वरच्या थरांच्या अंगी तेवढा वेग शिल्लक असतो. पण जमिनीलगतच्या थराचा वेग घर्षणाने आधीच खाल्लेला असल्यामुळे तो मध्येच थांबतो, मग उलट दिशेने सरकू लागतो, आणि वरचा प्रवाह पृष्ठभाग सोडून मोकळ्या हवेत निघून जातो. त्या दोहोंच्या मध्ये जी पोकळी राहते तीत आवर्त फिरू लागतात. पावसाळा ओसरल्यावर सिपनेच्या पात्रात वर आलेल्या खडकामागे पाणी जसे गरगरत उलट खडकाकडेच येते, नेमके तेच तेथे हवेचे होते. फरक इतकाच, की पाण्यातला भोवरा फेसामुळे दिसतो आणि हवेतला दिसत नाही. उतार साधारण अठरा-वीस अंशांहून अधिक असला म्हणजे प्रवाह अशा रीतीने सुटतो असे मानले जाते, आणि गाविलगडच्या कड्यांचे उतार याच्या कितीतरी पलीकडचे आहेत.

या वातविमुख प्रदेशात उतरणाऱ्या ग्लायडरला एकाच अवतरणात तीन निरनिराळे वारे भेटतात. प्रथम माथ्यावरून कोसळणारी हवा त्याला खाली लोटते. मग भोवऱ्याच्या मध्यात ते गदगदा हलते, कधी एक पंख उचलला जातो, कधी दुसरा. आणि अगदी तळाशी वारा उलट दिशेचा असू शकतो, म्हणजे ज्याने समोरून वारा आहे असे धरून मैदान निवडले त्याला टेकण्याच्या क्षणी वारा पाठीमागून मिळतो. सेमाडोहच्या दक्षिणेस चिखलदऱ्याचे पठार आहे आणि बाकीच्या बाजूंनी सातपुड्याच्या लहानमोठ्या रांगा आहेत. त्यामुळे दक्षिणेकडचा किंवा नैर्ऋत्येचा जोरदार वारा सुटला म्हणजे हे खोरे पठाराच्या मागे पडते, आणि पश्चिमेचा असला म्हणजे तो सिपनेच्या खोऱ्याची वाट धरून हरिसाल व कोलकासच्या बाजूने वर सरकतो. पठारावरच्या वातकुक्कुटाने दाखवलेली दिशा खाली खोऱ्यात लागू पडेलच असे नाही. मोठे डोंगर ओलांडताना, विशेषतः हवा स्थिर थरांची असताना, याहून प्रचंड प्रकार घडतो: वाऱ्याच्या उभ्या लाटा डोंगरामागे दूरवर उठतात आणि त्यांच्या तळाशी रोटर नावाचे आडवे, फिरते नळकांडे तयार होते. १९५५ साली अमेरिकेत सिएरा नेवाडा पर्वतामागे या लाटांचा शास्त्रीय अभ्यास चालू असता लॅरी एडगर या वैमानिकाचे भक्कम बांधणीचे ग्लायडर अशा रोटरात सापडून हवेतच मोडून पडले. पॅराशूटमुळे तो वाचला. आपल्या सातपुड्याची उंची सिएराच्या मानाने फार कमी आहे, पण जी क्रिया तेथे चार हजार मीटरांच्या पर्वतामागे होते तिचेच लहान रूप एखाद्या टेकडीमागे होते, आणि शेवटच्या पन्नास मीटरांत लहान रूपही पुरेसे असते.

जमिनीच्या आकारासारखाच तिचा तापही वाऱ्यावर हुकमत गाजवतो. एप्रिल-मे महिन्यांत अकोला-अमरावतीकडची काळी जमीन दुपारी अशी तापते की तिच्यावरून हवेचे लोट उठू लागतात आणि नांगरलेल्या रिकाम्या वावरांतून वावटळी धावतात. ग्लायडरला उंची देणाऱ्या थर्मल त्या ह्याच. पण जेथून हवा वर जाते तेथे आसपासची हवा खाली यावीच लागते, आणि तापलेले वावर, थंड झाडी व नदीचे पात्र यांच्या सरहद्दी ओलांडताना ग्लायडर एका क्षणी उचलले जाते तर दुसऱ्या क्षणी दबले जाते. डोंगराळ मुलखात याला दिवस-रात्रीची शिस्त असते. सकाळ चढली की उतार तापतात आणि खोऱ्यातली हवा उताराच्या आश्रयाने वर सरकते. सूर्य मावळला की उतार थंड होतात आणि जड झालेली हवा ओढ्या-नाल्यांच्या वाटेने खाली गोळा होते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे सिपनेच्या खोऱ्यात साठणारी थंडी आणि धुके हे याच उतरलेल्या हवेचे लक्षण. अशा वेळी तळाची हवा अगदी शांत आणि तिच्यावरचा वारा चालू, असा दुमजली बंदोबस्त असतो. दोहोंच्या सीमेवर वाऱ्याचा वेग एकदम बदलतो, आणि जमिनीवरचा सरळ उभा धूर पाहून हवा स्थिर आहे असे समजणारा फसतो.

आधुनिक उड्डाणाचा प्रारंभच मुळी जमीन आणि वारा यांच्या या प्रश्नापाशी झाला आहे. ओट्टो लिलियेन्थाल या जर्मन अभियंत्याने १८९४ साली बर्लिनजवळ लिख्टरफेल्डे येथे पंधरा मीटर उंचीची एक टेकडी मुद्दाम मातीने रचून घेतली, आणि तिचा आकार शंकूचा ठेवला, म्हणजे वारा कोणत्याही दिशेचा असला तरी त्याच्याकडे तोंड करून धावता यावे. मला ही टेकडी त्याच्या ग्लायडरांइतकीच महत्त्वाची वाटते. भूमी आणि वारा यांचा संबंध ओळखून भूमीलाच घडवणारा तो पहिला वैमानिक होता. पुढे तो श्टोल्नजवळच्या गोलनबेर्ग या नैसर्गिक टेकडीवरून उडू लागला, आणि ९ ऑगस्ट १८९६ रोजी तेथेच उड्डाण करीत असता त्याचे ग्लायडर नाक वर होऊन हवेत थबकले व खाली कोसळले. दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. दोन हजारांच्या घरात उड्डाणे केलेल्या मनुष्याचा घात ज्या स्टॉलने केला, त्याच स्टॉलला टाळण्याचे शिक्षण आज ग्लायडर शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या काही धड्यांतच मिळते.

महाराष्ट्रात हे शिक्षण मिळण्याचे प्रमुख ठिकाण म्हणजे पुण्यात हडपसरला सासवड रस्त्यावर असलेले केंद्र सरकारचे ग्लायडिंग सेंटर. नागरी विमानवाहतूक खात्याच्या तांत्रिक केंद्रात एके काळी आपल्याच देशात ग्लायडरांचे आराखडे होत, आणि त्यांना अश्विनी, भरणी, रोहिणी, कार्तिक, मृगशीर्ष, आर्द्रा अशी बहुतांशी नक्षत्रांची नावे मिळाली. त्यांपैकी १९६१ साली प्रथम उडालेल्या रोहिणीत गुरू-शिष्य शेजारी शेजारी बसत. शेजारी बसण्यात मोठाच लाभ आहे, कारण वारा कसा वाचावा हे बोट दाखवून शिकवावे लागते. शिकाऊ वैमानिक सरळ धावपट्टीकडे येत नाही. तो आधी तिच्या एका बाजूने वाऱ्याच्या दिशेने समांतर जातो, मग काटकोनात वळतो, मग पुन्हा वळून वाऱ्यासमोर येतो. सर्किट म्हटल्या जाणाऱ्या या तीन बाजूंच्या फेरीचा खरा उपयोग म्हणजे वारा तपासणे. समांतर जाताना जमीन किती वेगाने मागे पडते यावरून वाऱ्याचा जोर समजतो, काटकोनातल्या वाटेवर ग्लायडर किती बाजूला वाहून जाते यावरून त्याची दिशा समजते, आणि दोन्ही ठिकाणी निराळे उत्तर मिळाले तर हवेत काहीतरी गडबड आहे हेही समजते. मावळात कामशेतजवळच्या टेकड्यांवरून पॅराग्लायडिंग करणारेही वारा आधी तपासण्याचा हाच नियम पाळतात, किंबहुना अधिक कसोशीने, कारण त्यांचा पंख कापडाचा असतो आणि आतल्या हवेच्या दाबावरच त्याचा आकार टिकून असतो. डोंगरामागच्या भोवऱ्यात तो मिटण्याचा संभव असल्यामुळे टेकडीच्या मागे उतरण्याचा विचार कोणी करीत नाही.

ग्लायडर धावपट्टीपासून दूर निघाले आणि उंची संपत आली, तर अनोळखी शेतातही उतरावे लागते. तेव्हा वैमानिक शोधतो ती दृश्य चिन्हे: वाळलेल्या पालापाचोळ्याचा धूर कोणीकडे झुकतो, सागाची पाने उलटून त्यांची फिकट पाठ कोठे दिसते, वाटेवरून गेलेल्या गाडीची धूळ किती वेगाने सरकते. यांत तलावाची साक्ष मला सर्वांत विश्वासार्ह वाटते. चिखलदऱ्याच्या शक्कर तलावासारख्या पाण्यावर वारा वाहत असता ज्या काठाकडून तो येतो त्या काठालगत एक गुळगुळीत, आरशासारखा पट्टा दिसतो आणि तेथून पुढे लहरी सुरू होतात. गुळगुळीत पट्टा ज्या बाजूला, वारा त्या बाजूचा, आणि पट्ट्याची रुंदी पाहून काठावरच्या झाडांचा आडोसा कोठवर पोहोचतो याचाही अदमास येतो. शेत उताराचे असेल तर मात्र वाऱ्याचा हुकूम बाजूला ठेवावा लागतो. उताराच्या दिशेने खाली उतरणारे ग्लायडर जमिनीवर टेकतच नाही, कारण त्याच्या घसरणीबरोबर जमीनही खाली जात राहते. म्हणून स्पष्ट चढ असेल तर वारा थोडा पाठीचा असला तरी चढाकडे तोंड करूनच उतरावे, असा डोंगराळ प्रदेशातला नियम आहे.

सेमाडोहच्या आसपासच्या मेळघाटच्या रानात उतरण्याच्या या कलेचे दोन जन्मजात जाणकार राहतात. घार वाळक्या झाडाच्या फांदीवर बसावयास येते ती वाऱ्याकडे तोंड करून, आणि फांदीच्या पातळीच्या थोडी खालून. शेवटी वर उसळी घेऊन ती आपला वेग उंचीत बदलते, आणि वेग संपण्याचा व पाय फांदीला लागण्याचा क्षण एकच करून टाकते. उडणारी खार रात्री निघते. उंच झाडाच्या शेंड्यावरून ती पुढच्या व मागच्या पायांमधली कातडी ताणून झेपावते, एक मीटर खाली येताना साधारण दोन-अडीच मीटर पुढे जाते, आणि समोरचा बुंधा जवळ येताच शरीर उभे करून त्या कातडीचाच अडसर हवेसमोर धरते. मुद्दाम स्टॉल घडवून आणून बुंध्याला चारही पायांनी चिकटणारी ही खार, आणि जमिनीपासून हातभर उंचीवर ग्लायडर आडवे करून त्याचा वेग संपू देणारा वैमानिक, यांचे कौशल्य तत्त्वतः एकच. मात्र खारीचे वजन दीड-दोन किलोचे आणि तिची झेप रानाच्या आडोशातली. तीनशे-चारशे किलोच्या ग्लायडरला उघड्या वाऱ्यात चूक सुधारण्यास तिच्याइतका वाव मिळत नाही.

वैमानिकाच्या हाती त्यासाठी एक साधन असते, ते म्हणजे एअरब्रेक: पंखाच्या पाठीतून वर उचलल्या जाणाऱ्या पट्ट्या, ज्यांनी उत्थापन घटते, रोध वाढतो आणि उतरण्याचा कोन तीव्र होतो. डोंगराजवळ उतरताना त्या पूर्ण उघडून यावयाचे नसते. अर्ध्या उघड्या ठेवूनच मैदानावर पोहोचेल अशी उंची राखावयाची असते, म्हणजे वर ढकलणारी हवा मिळाली तर आणखी उघडता येतात आणि खाली दाबणारी मिळाली तर झटकन मिटता येतात. झाडांच्या किंवा टेकडीच्या मागून येताना टेकण्याची जागाही मैदानाच्या काठाशी न धरता बरीच आत धरतात, जेणेकरून शेवटचे मीटर आडोशाच्या गडबडीत न जाता स्वच्छ वाऱ्यात जावेत. चाक जमिनीला लागल्यावरही काम संपत नाही. हलक्या ग्लायडरच्या पंखाला ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरांचा झोतही उचलण्यास पुरेसा होतो. म्हणून ते पूर्ण थांबेपर्यंत एअरब्रेक उघडे ठेवतात, थांबल्यावर वाऱ्याकडचा पंख खाली टेकवतात, त्याच्यावर वजन ठेवतात किंवा माणूस बसवतात, आणि मगच वैमानिक आपले पट्टे सोडतो.